फट एकच, वारा आणि किडे दोन्ही: पेनसिल्व्हेनियातल्या पहिल्या हिवाळ्याच्या नोंदी

ठिकाण: ॲलनटाउनच्या आसपास, लीहाय खोरं. घर 1950 च्या दशकातलं, दुमजली. खाली विटा, वर व्हाइनिल साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्यांचं आच्छादन. वर-खाली सरकणाऱ्या 14 लाकडी खिडक्या, प्रत्येकीला बाहेरून ॲल्युमिनियमची स्टॉर्म विंडो, म्हणजे काचेची दुसरी खिडकी. घर गरम करणारा फर्नेस गॅसवरचा, त्याचे दोन पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर: एक हवा आत घेणारा, एक जळका वायू बाहेर टाकणारा. गिझरही गॅसवर, पण त्याचा धूर चिमणीतून जातो.

पुण्याच्या घरात वारा यावा म्हणून खिडकी उघडी ठेवतात आणि किड्यांसाठी तिला जाळी लावतात. इथे थंडी ज्या फटीतून येते त्याच फटीतून किडेही येतात, म्हणून ही दोन वेगळी कामं धरली नाहीत. वेळापत्रक पुढे चुकलंच. तापमानाचे आकडे सेल्सिअसमध्ये, इंचाची मापं दुकानात मिळतात तशी.

9 सप्टेंबर
दिवसा 26, रात्री 12. दुपारी तीन ते पाच या वेळात पश्चिमेच्या भिंतीवर 11 किडे मोजले. ढालीसारखा आकार, मातकट तपकिरी रंग, लांबी दीड सेंटीमीटरच्या आसपास, मिशांवर पांढरे पट्टे. हा ब्राउन मार्मोरेटेड स्टिंक बग. मूळचा चीन-जपान-कोरियाकडचा, अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला तो याच ॲलनटाउनला, 1990 च्या दशकाच्या शेवटी. आपल्याकडे सोयाबीनवर येणाऱ्या हिरव्या ढेकणाचा हा भाऊबंद. नावात ढेकूण असला तरी माणसाला चावत नाही, घरात अंडी घालत नाही, लाकूड-कपडा खात नाही. त्याला फक्त थंडी काढायला कोरडी, अरुंद जागा हवी असते. दिवस लहान झाले, रात्री गार पडल्या की उन्हाने तापलेल्या दक्षिण-पश्चिम भिंतींवर जमतो आणि फट शोधतो.

चिरडला की वास येतो, आणि तो ओळखीचा वाटतो: जुडीभर कोथिंबीर पिशवीत कुजल्यासारखा. कारण तेच. ट्रान्स-2-डेसेनाल हे रसायन दोघांतही असतं.

14 सप्टेंबर
उदबत्तीने फटी शोधल्या. पद्धत अशी: सगळी दारं-खिडक्या बंद, एक्झॉस्ट पंखे चालू. पंखे हवा बाहेर ओढतात, तेवढीच हवा फटींतून आत येते. पेटती उदबत्ती भिंतीपासून दोन बोटांवर धरून हळूहळू सरकवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा झाला की तिथे मास्किंग टेपचा तुकडा. चिमणीचा गिझर आधी बंद करायचा, नाहीतर पंख्यांच्या ओढीने जळका वायू चिमणीतून उलटा घरात येतो. फर्नेसही बंद, आणि पडदे बाजूला.

पहिला प्रयत्न वाया. वारा पडलेला होता आणि धूर कुठेच हलेना. दीड तासाने लक्षात आलं की शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही. जाळीतून गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतो. पंख्यावर हात धरून वरच्या फटीतून वारा लागतो का बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. मग दोन्ही बाथरूमचे पंखे लावून, वारा असलेल्या संध्याकाळी पुन्हा केलं.

टेपचे तुकडे 43. सगळा दोष खिडक्यांचा असेल असं वाटलं होतं, पण सगळ्यात जास्त धूर हलला तो इथे: खिडकीतल्या दोन एसींच्या बाजूच्या घडीच्या पट्ट्या, माळ्यावर जाण्याचं झाकण, टीव्हीची जुनी केबल जिथून आत येते ते भोक, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतात ती जागा, बाहेरच्या भिंतींवरचे स्विचबोर्ड, आणि तळघरात, पायाच्या भिंतीवर लाकडी चौकट टेकते तो अख्खा सांधा.

21 सप्टेंबर
बाहेरून सीलंट, म्हणजे फटी बुजवायची पेस्ट. ॲक्रिलिक लेटेक्स घेतलं कारण त्यावर रंग बसतो आणि हात पाण्याने धुता येतात. सिलिकॉन जास्त टिकतं, पण त्यावर रंग चढत नाही आणि काढायचं झालं तर नखं जातात.

नळकांड्याचं टोक तिरकं कापायचं, भोक 5 मिलिमीटर ठेवायचं. पहिल्या वेळी मोठं कापलं, निम्मं नळकांडं भिंतीवर सांडलं. 6 मिलिमीटरपेक्षा रुंद फटीत नुसतं सीलंट भरायचं नाही: आधी बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी, बोथट चमच्याने आत दाबायची आणि मग वरून पातळ थर. दोरी फटीपेक्षा थोडी जाड घ्यायची, म्हणजे ती दाबून बसते. दोरीशिवाय भरलेलं सीलंट वाळताना आकसतं आणि मधोमध चिरतं. केबलच्या भोकाला तसंच झालं, दुसऱ्यांदा भरावं लागलं.

किती बारीक फट बुजवायची? 3 मिलिमीटर हे माप धरलं. स्टिंक बग चपटा असतो, त्याहून मोठी फट त्याला पुरते. उंदराला 6 मिलिमीटर पुरतात. पाइपांभोवती आधी तांब्याची जाळी ठासली, मग सीलंट. स्टील वूल स्वस्त असतं, पण गंजून भिंतीवर ओघळ येतात.

वेळ: पूर्ण शनिवार, आणि पश्चिमेची एकच बाजू झाली.

28 सप्टेंबर
मोठी चूक. स्टॉर्म विंडोच्या खालच्या कडेला दोन-दोन बारीक भोकं दिसली, किड्यांची वाट समजून आठ खिडक्यांची बुजवली. गुरुवारी पाऊस झाला आणि दोन काचांच्या मधे पाणी साचलं, लाकडी उंबरठा भिजला. ती भोकं पाणी वाहून जाण्यासाठीच असतात. वीप होल म्हणतात. सीलंट सुईने आणि स्क्रूड्रायव्हरने उकरून काढलं, चार तास गेले. आता त्या भोकांवर आतून जाळीचा लहान तुकडा आहे आणि आतल्या लाकडी खिडकीची कड बंद केली आहे.

याच जातीची आणखी ठिकाणं, जी बुजवायची नाहीत: विटांच्या खालच्या थरातली मोकळी ठेवलेली उभी सांध, व्हाइनिल साइडिंगचे आडवे जोड आणि खालच्या कडेची भोकं, छताच्या पन्हाळीखालच्या जाळ्या. भिंतीत शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं, आणि पन्हाळीखालच्या जाळ्यांतून माळ्याला हवा मिळते.

6 ऑक्टोबर
एसी काढले. सप्टेंबरच्या मध्यालाच काढायला हवे होते, पण दुपारी अजून लागत होते म्हणून राहिले. एकाच एसीच्या मागच्या खोबणीत 38 स्टिंक बग निघाले. बाहेर काढून उघड्यावर झटकायचे. तळघरात नेऊन झाकून ठेवले की सगळी फौज आपणच आत नेतो. पहिल्या एसीच्या वेळी हेच केलं.

भिंतीवरचे पकडायला जुनी बरणी, त्यात चार बोटं पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे काही थेंब. डिवचलं की हा किडा सरळ खाली पडतो. म्हणून बरणी खाली धरून वरून काडी लावायची. साबण नसेल तर पाण्यावर तरंगून चालत वर येतो.

19 ऑक्टोबर
दसरा होऊन गेला तरी उत्तरेची बाजू बाकी होती. दुपारी 9 अंश असताना लेटेक्स सीलंट भरलं, रात्री उणे 1 झालं. सकाळी बोटाने दाबलं तर आत दही. तीन नळकांडी वाया. लेटेक्सला 4 अंशांच्या वरचं तापमान लागतं, आणि भरतानाच नव्हे, पुढचे चोवीस तासही. उरलेली उत्तरेची बाजू सिलिकॉनने केली. आता तिथे रंग बसणार नाही, पांढरे पट्टे तसेच दिसतात.

ज्यांना इथे पहिला हिवाळा काढायचा आहे त्यांनी बाहेरचं सीलंट गणपतीच्या दिवसांत उरकावं. दसऱ्याला उशीर झालेला असतो. दिवाळीत फक्त आतली कामं होतात.

27 ऑक्टोबर
दिवसा अचानक 21. आत 52 स्टिंक बग मोजले, बहुतेक वरच्या पश्चिमेच्या खोलीत. शिवाय पडद्याच्या दांडीवर नारिंगी लेडी बीटल. डोक्यामागच्या पांढऱ्या भागावर इंग्रजी एमसारखी खूण असते. दाबलं की भिंतीवर पिवळा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही.

व्हॅक्यूमने ओढायचे, पण थेट नाही, नाहीतर पिशवीला आणि मशीनला महिनाभर तोच वास. नळीच्या तोंडात जुना नायलॉनचा पायमोजा आत सोडायचा, त्याची कड बाहेर दुमडून रबर बँडने पक्की करायची. किडे मोज्यात जमतात. मशीन बंद करायच्या आधी मोजा पिळून बाहेर काढायचा आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचा. क्रम चुकला आणि मशीन आधी बंद केलं तर सगळे चालत बाहेर येतात. एकदा आले.

आत फवारणी केली नाही. भिंतीच्या पोकळीत किडे मेले की त्यांच्यावर कार्पेट बीटल येतात, ते मग लोकरीच्या कपड्यांकडे वळतात. भारतातून आणलेला कीटकनाशक खडूही वापरला नाही: इथे तसल्या खडूंना नोंदणी नाही, विक्री बेकायदा आहे आणि मुलांच्या हाताला तो साधा खडूच वाटतो. डांबरगोळ्याही वापरल्या नाहीत. पाकिटावर हवाबंद डब्यातच वापरा असं लिहिलेलं असतं, म्हणजे माळ्यावर किंवा कोनाड्यात पसरायच्या नाहीत.

8 नोव्हेंबर
माळ्याच्या त्रिकोणी झरोक्यांना आतून पाव इंचाची जाळी होती, तिच्यातून किडे सहज येत. वरून अष्टमांश इंचाची लोखंडी जाळी स्टेपल केली. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी इथे नको. धुळीने बंद होते आणि माळा दमट होतो. झाकणाच्या कडेला फोमची पट्टी, आणि झाकण घट्ट बसावं म्हणून दोन कड्या.

कपडे वाळवायच्या ड्रायरची हवा भिंतीतून बाहेर पडते, त्या तोंडाला जाळी लावली नाही. कपड्यांचा कापूस अडकून आग लागू शकते. तिथलं झडप नीट मिटतं एवढं बघितलं. फर्नेसच्या दोन पीव्हीसी पाइपांच्या तोंडावर मात्र बारीक जाळी ताणून बसवली.

दारांखाली रबरी पट्ट्या. रात्री आतला दिवा लावून बाहेर उभं राहिलं की दाराखाली प्रकाशाची रेघ दिसते. ती दिसेनाशी होईपर्यंत पट्टी खाली घ्यायची, पण उंबरठ्याला घासून दार अडेल इतकी नाही. स्विचबोर्डांच्या पट्ट्यांमागे फोमची गादी: मेन बंद करायचं, दोन स्क्रू काढायचे, गादी ठेवायची, स्क्रू बसवायचे. तीस मिनिटांत बारा झाले. सगळ्या कामात पैशाला सगळ्यात जास्त जागलेलं हेच.

बाहेरचा नळ: होज, म्हणजे पाण्याची लांब नळी, काढला, आतली चावी बंद केली, बाहेरचा नळ उघडा ठेवून पाणी निथळू दिलं. होज लावलेलाच राहिला तर पाणी नळात अडकून गोठतं, आणि पाइप फुटतो तो भिंतीच्या आत.

23 नोव्हेंबर
खिडक्यांवर प्लॅस्टिक फिल्म. चौकट स्पिरिटने पुसायची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, फिल्म वरून खाली चिकटवायची, मग हेअर ड्रायरने तापवून ताणून घ्यायची. दोन फिल्म आधी कापून मग तापवल्या. आकसून टेपवरून सुटल्या. कड कापायची ती शेवटी.

तिन्ही झोपायच्या खोल्यांतली एकेक खिडकी फिल्मशिवाय ठेवली, आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून. तिथे रोप कॉल्क: कणकेच्या वळ्यासारखी मऊ दोरी, अंगठ्याने फटीत दाबायची, वसंतात ओढून काढायची.

11 डिसेंबर
किडे कमी झाले, आता पाणी. फर्नेस चालू झाल्यावर ओठ आणि नाक सुकायला लागले म्हणून ह्युमिडिफायर 50 टक्क्यांवर लावला. तीन दिवसांत फिल्म नसलेल्या खिडक्यांच्या काचा आतून ओल्या, उंबरठ्यावर काळी बुरशी. हिशोब साधा आहे: 21 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असेल तर 10 अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव पडतं. 35 टक्क्यांवर ही मर्यादा 5 अंशांपर्यंत खाली येते. आता ह्युमिडिफायर 35 वर, बाहेर उणे 10 असेल तर 30 वर. मापक दोन घेतले, कारण पहिल्याने बाथरूमशेजारी चुकीचा आकडा दाखवला.

आणि आपलं स्वयंपाकघर हे वेगळं प्रकरण आहे. कुकरच्या चार शिट्ट्या, वरणाला उकळी, वर आत वाळत घातलेले कपडे. त्या दिवशी मापक 35 वरून 48 वर गेला. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकत नाही हे सप्टेंबरात कळलं होतंच. स्वयंपाक चालू असताना बाथरूमचा पंखा वीस मिनिटं लावणं हा तात्पुरता उपाय. फोडणीचा वास मात्र त्याने जात नाही.

22 डिसेंबर
डाळ-तांदळाच्या कपाटात पतंग. बाहेर उणे 6, पण घर 20 अंशांवर आहे, म्हणजे धान्यातल्या किड्यांना बारा महिने पावसाळा. हा इंडियन मील मॉथ. नावातलं इंडियन आपलं नाही. मक्याच्या पिठाला पूर्वी इथे इंडियन मील म्हणत, त्यावरून पडलेलं. रव्याच्या पाकिटात जाळं धरलेलं होतं, तिथूनच आला.

बोरिक पावडर, एरंडेल, बिब्बे हे सगळे उपाय वर्षाच्या साठवणीचे. इथे साठवण दहा-वीस पौंडांची आणि घरात फ्रीझर आहे. नवीन आणलेलं प्रत्येक धान्य उणे 18 वर चार दिवस. अख्खी वीस पौंडांची गोणी ठेवली तेव्हा मधले तांदूळ दुसऱ्या दिवशीही नुसते गारच होते. तेव्हापासून दोन-दोन किलोच्या पिशव्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एकदा उघडली, गार तुरीवर दव धरलं, आठ दिवसांत वास मारायला लागली. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद ठेवायची, मग हवाबंद डब्यात.

कपाट रिकामं करून फळ्यांच्या खुंट्यांची भोकं आणि डब्यांच्या झाकणांचे आटे व्हॅक्यूम केले. कोष तिथेच असतात, शिवाय छताच्या कोपऱ्यात. मादीच्या वासाच्या चिकट सापळ्यात फक्त नर सापडतात, त्यामुळे तो उपाय नव्हे. पण कपाट साफ झालं की नाही हे त्यावरून कळतं.

9 जानेवारी
रात्री उणे 14. पहाटे तीनला फर्नेस बंद, घर 13 अंशांवर. पॅनेलमधला दिवा लुकलुकत होता; झाकणामागच्या तक्त्यात त्या खुणेचा अर्थ: प्रेशर स्विच, हवेचा मार्ग अडला. तातडीच्या फेरीचे 185 डॉलर. कारण दोन मिनिटांत सापडलं: नोव्हेंबरात लावलेली जाळी. बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेत वाफ असते, ती बारीक जाळीवर गोठत गोठत पाइपचं तोंडच बंद झालं. नशीब स्विचने फर्नेस बंद केला. दोन्ही जाळ्या काढल्या. या पाइपांवर स्वतःहून काहीही लावायचं नाही, आणि बर्फ पडला की त्यांच्या समोरचा ढीग सगळ्यात आधी उपसायचा, गाडीच्याही आधी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही मजल्यांवर आहे, त्याची बॅटरी त्याच दिवशी बदलली.

त्या रात्री सिंकखालचं कपाट उघडं ठेवलं आणि नळाची बारीक धार सोडली, कारण ते पाइप बाहेरच्या भिंतीत आहेत. बाहेर उणे 7 च्या खाली जाणार असेल तर आता रोज संध्याकाळी हेच. उघड्या पाइपांना फोमच्या नळ्या चढवल्या. त्या पाइप गरम करत नाहीत, गोठायला फक्त उशीर लावतात.

26 जानेवारी
पायऱ्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून साधं मीठ टाकलं, उणे 12 ला काहीच वितळलं नाही. ते उणे 9 च्या खाली निकामी. कॅल्शियम क्लोराइड उणे 29 पर्यंत चालतं, महाग आहे, आणि बुटांबरोबर आत येऊन लाकडी फरशीवर चिकट पांढरे डाग पाडतं. दारात बूट ठेवायला काठाचा ट्रे घेतला.

18 फेब्रुवारी
ऊन पडलं की आतले स्टिंक बग जागे होतात, दिवसाला तीन-चार. ॲल्युमिनियमच्या पसरट ट्रेमध्ये दोन सेंटीमीटर पाणी आणि साबण, वर टेबललॅम्प, बाकी खोली अंधारी. रात्रीतून पाच-सहा पडतात. विकतचा चिकट सापळा शेजारीच ठेवला होता. चार रात्रींत त्यात एक.

30 मार्च
फिल्म काढल्या. टेपबरोबर तीन चौकटींचा जुना रंग पापुद्र्यांनी आला. घर जुनं असेल तर असा रंग खरवडून धूळ करायची नाही. अमेरिकेत घरच्या रंगात शिसं वापरायला 1978 मध्ये बंदी आली; त्याआधीच्या घरात ते असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून पापुद्रे पिशवीत भरले. टेप काढताना हेअर ड्रायरने पुन्हा तापवली तर रंग राहतो, हे चौथ्या खिडकीला सुचलं.

खर्च, डॉलरमध्ये: सीलंट 9 नळकांडी 54 (त्यातली तीन वाया), सीलंट दाबायची गन 9, बॅकर रॉड 10, दारांच्या पट्ट्या 26, रोप कॉल्क 18, फिल्म 54, आर्द्रता मापक 24, लोखंडी जाळी 16, तांब्याची जाळी 14, स्विचबोर्डांच्या गाद्या 6, पाइपांच्या नळ्या 9. सगळे मिळून 240. फर्नेसची फेरी 185, म्हणजे एका जाळीपायी बाकी सामानाच्या तीन-चतुर्थांश पैसे गेले. मीठ आणि ट्रे वेगळे.

21 एप्रिल
दुपारी 19. आतले किडे आता उलट बाहेर जायला बघतात, काचेवर आतून 7 बसलेले. पुन्हा उदबत्ती लावली. 43 पैकी 9 ठिकाणी धूर अजून हलतो, त्यातली 5 तळघरातल्या लाकडी चौकटीच्या सांध्यात, उत्तरेला, जिथे थंडीत सिलिकॉन भरलं होतं: सांधा आधी झाडून घेतला नव्हता, सीलंट लाकडाऐवजी धुळीला चिकटलं. तिथे टेप तशीच ठेवली आहे. ऑगस्टमध्ये ब्रशने झाडून, पुसून, बॅकर रॉड घालून पुन्हा.